त्याच कानांतलं सोनं

पत्र असं आहे :

"मी चित्रकला शिकवते. आमच्या मंडळीतल्या एका आजींनी मृत्युपत्रात 'देवाच्या घराच्या शोभेसाठी' काही रक्कम ठेवली. प्रभुभोजनाच्या मेजामागची भिंत मोकळीच आहे. पांढरी, आणि वरच्या कोपऱ्यात ओलीचा डाग. पाळकसाहेब म्हणाले, तू तिथे चित्र काढ. पंचांच्या सभेत हा विषय निघाला तेव्हा एक वडीलधारे काका उठले. लहानपणी संडे स्कूलमध्ये त्यांनीच मला शिकवलंय. त्यांनी बायबलातल्या निर्गमाच्या पुस्तकाचा विसावा अध्याय उघडला, कोरीव मूर्ती करू नको ही आज्ञा वाचली आणि खाली बसले. बाकी काही बोलले नाहीत. मला ते फार लागलं. दुसऱ्या एक बाई म्हणाल्या, हेच पैसे गरिबांना द्या ना. आता मलाच काही सुचेनासं झालंय. मी गायनमंडळातही आहे. चारी आवाज नीट जुळले की अंगावर काटा येतो, पण त्या क्षणी मी प्रार्थना करत असते की नुसतं गाणं ऐकत असते, मला खरंच सांगता येत नाही. देवाला सौंदर्य लागतं का? की ते आपल्यालाच लागतं आणि आपण देवाचं नाव पुढे करतो?"

प्रिय भगिनी,

काका निर्गमाचा विसावा अध्याय वाचून खाली बसले. माझी तक्रार असेल तर एवढीच, की ते जरा लवकर बसले. आणखी पाच अध्याय पुढे गेले असते तर त्याच मोशेला त्याच देवाने काय काय करायला सांगितलं ते त्यांना वाचावं लागलं असतं. कराराचा कोश, म्हणजे आज्ञांच्या पाट्या ठेवायची पेटी, तिच्यावर सोन्याचे दोन करूब, म्हणजे स्वर्गीय दूत, घडव, पंख पसरलेले, समोरासमोर तोंड केलेले. पुढे मोशेचा भाऊ आणि मुख्य याजक अहरोन याची वस्त्रं येतात. ती कशासाठी, तर गौरवासाठी आणि शोभेसाठी, असं स्पष्ट लिहिलंय. झग्याच्या घेरावर निळ्या, जांभळ्या, किरमिजी सुताची डाळिंबं, आणि दोन डाळिंबांच्या मध्ये सोन्याची घुंगरं. घुंगरांचं कारण तरी दिलंय, याजक आत गेला की त्यांचा नाद ऐकू यावा म्हणून. डाळिंबांचं कारण कुठेच दिलेलं नाही. ती आहेत, बस्स.

आणि कारागीर! 'देवाच्या आत्म्याने भरलेला' हे शब्द पवित्र शास्त्रात पहिल्यांदा कोणाबद्दल आले आहेत, हे संडे स्कूलच्या मुलांना विचारून बघा. कोणी मोशे म्हणेल, कोणी अब्राहाम. खरं उत्तर आहे बसालेल. सोनं-रुपं-पितळ घडवणारा, हिरे बसवणारा, लाकूड कोरणारा माणूस (निर्गम ३१). त्याच्याही आधी, अठ्ठाविसाव्या अध्यायात, ज्यांना ज्ञानाच्या आत्म्याने भरलं असं देव म्हणतो ते अहरोनाची वस्त्रं शिवणारे शिंपी आहेत. संदेष्टे आणि राजे नंतर आले, आधी सुई-दोरा आणि छिन्नी.

पण थांबा. हे सगळं घेऊन काकांवर चालून जाऊ नका. वचनाला वचनाने उत्तर दिलं की सभा जिंकता येते, काका दुरावतात. आणि काका चुकीचं बोललेले नाहीत. त्यांच्या बाजूनेही शास्त्रात एक गोष्ट आहे आणि ती अंगावर येणारी आहे. रानात साप चावून लोक मरत होते तेव्हा देवाच्याच सांगण्यावरून मोशेने पितळेचा साप करून काठीवर टांगला. त्याच्याकडे बघणारे वाचले. म्हणजे ही वस्तू देवाने सांगितलेली, लोकांचा जीव वाचवलेली, आणि खुद्द प्रभू येशूने योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात स्वतःच्या क्रूसासाठी जिचा दाखला दिला अशी. कित्येक शतकांनंतर हिज्कीया राजाने त्याच सापाचे तुकडे केले, कारण लोक त्याच्यापुढे धूप जाळायला लागले होते (२ राजे १८). वस्तू तीच होती. आधी देवाकडे बोट दाखवायची, आता वाटेत आडवी आली होती. हिज्कीयाने ती फोडली हे चांगलंच केलं असं शास्त्र म्हणतं. काकांना या हिज्कीयाची बाजू दिसतेय. तुम्हाला बसालेलाची. दोघंही एकाच ग्रंथातले आहेत.

निर्गमाची मांडणी बघा, म्हणजे मला काय म्हणायचंय ते लक्षात येईल. पंचविसाव्या अध्यायापासून एकतिसाव्यापर्यंत निवासमंडप, म्हणजे रानातलं तंबूचं मंदिर, कसा बांधायचा याच्या सूचना आहेत. पस्तिसाव्यापासून चाळिसाव्यापर्यंत तो प्रत्यक्ष बांधलाय. आणि मधोमध, बत्तिसाव्या अध्यायात, लोकांनी देव म्हणून पूजलेलं सोन्याचं वासरू. हा योगायोग आहे असं मला वाटत नाही. वासरासाठी अहरोनाने काय मागितलं? बायकामुलांच्या कानांतली सोन्याची कुंडलं. निवासमंडपासाठी लोकांनी काय आणलं? नथी, कुंडलं, अंगठ्या, बाहुभूषणं. त्याच लोकांच्या अंगावरचं उरलंसुरलं सोनं. दुसऱ्या खेपेला तर एवढं आणलं की कारागीर मोशेकडे जाऊन म्हणाले, पुरे झालं, आता आणू नका असं सांगा. (कोणत्याही मंडळीच्या खजिनदाराने हा प्रसंग एकदा तरी हेव्याने वाचलेला असणार.) सोन्यात फरक नव्हता. घडवणाऱ्याच्या हातातही फार फरक असेल असं नाही, अहरोनालाही ओतकाम जमलंच होतं.

फरक जागेत होता. वासरू स्वतःच देवाच्या जागेवर जाऊन उभं राहिलं. कोशावरचे करूब मात्र जागेच्या दोन बाजूंना आहेत, आणि मध्ये काही नाही. 'त्या दोन करूबांच्या मधून मी तुझ्याशी बोलेन,' असं देव मोशेला सांगतो. बोलणं येणार ते मोकळ्या जागेतून. एवढी कलाकुसर, एवढं सोनं, आणि सगळ्याचा रोख एका रिकाम्या जागेकडे. नव्या करारात याचा पडसाद आहे असं मला नेहमी वाटतं : मग्दालीया मरीया थडग्यात डोकावते तेव्हा तिला दोन देवदूत बसलेले दिसतात, एक उशाशी, एक पायथ्याशी, आणि मध्ये जिथे शरीर ठेवलं होतं ती जागा मोकळी.

तेव्हा उपासनेतल्या कुठल्याही सुंदर गोष्टीला मी हा एकच प्रश्न विचारतो. हिने जागा मोकळी ठेवलीय, की स्वतःच बसकण मारलीय? चित्राला हा प्रश्न लागू आहे, गाण्यालाही, प्रवचनालाही. प्रवचनाला तर फारच. घोटून घोटून गुळगुळीत केलेलं प्रवचनही वासरू होऊ शकतं, पण निर्गमाचा विसावा अध्याय काढून त्याच्यावर कोणी उठत नाही.

तुमच्या पंचांच्या सभेत जे झालं ते काही नवं नाही. साधारण इ.स. ६००च्या सुमारास मार्सेयच्या सेरेनस नावाच्या बिशपने आपल्या चर्चमधली चित्रं फोडून टाकली, कारण लोक त्यांची पूजा करू लागले होते. पोप ग्रेगरीने त्याला लिहिलेलं उत्तर मोठं समतोल आहे : पूजा होऊ दिली नाहीस हे बरं केलंस, फोडलीस हे बरं केलं नाहीस. ज्यांना वाचता येत नाही ते भिंतीवर वाचतात, असं त्याचं म्हणणं. पुढे आठव्या शतकात बायझंटाइन साम्राज्यात सम्राटाच्या हुकुमाने चित्रं उतरवली गेली, माणसांचे छळ झाले. दमास्कसच्या योहानाने चित्रांची बाजू घेतली. त्याचा मुद्दा साधा होता : अदृश्य देवाचं चित्र काढता येत नाही हे खरं, पण तो देह धारण करून आला, लोकांनी त्याला डोळ्यांनी पाहिलं, मग त्या रूपाचं चित्र का नको? ७८७ साली निकियाच्या दुसऱ्या परिषदेने ठरवलं की आराधना फक्त देवाची, चित्राला द्यायचा तो मान, आणि तो मान चित्रात अडकत नाही, ज्याचं चित्र आहे त्याच्यापर्यंत पोचतो. एवढं ठरूनही भांडण मिटायला ८४३ साल उजाडलं.

मग धर्मसुधारणा आली आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. झुरिकमध्ये १५२४ साली चर्चमधली चित्रं आणि पुतळे काढले गेले. तिथला सुधारक झ्विंग्ली स्वतः कितीतरी वाद्यं उत्तम वाजवायचा, आणि त्यानेच उपासनेतलं संगीत बंद केलं. झुरिकच्या चर्चमध्ये पुन्हा गाणं सुरू झालं ते १५९८ साली. त्या माणसाबद्दल मला नेहमी हळहळ वाटते. पण एक मान्य करायला हवं, ज्याला संगीताची ओढच नाही त्याला संगीताची भीती वाटत नाही. तुमच्या काकांना चित्र आवडत नाही म्हणून ते उठले, असं धरून चालू नका. कदाचित फार आवडत असेल.

जर्मनीतला सुधारक ल्यूथर याच्या अगदी उलट. विटेनबर्गमध्ये चित्रं फोडायला सुरुवात झाली हे कळल्यावर लपलेल्या जागेतून तो १५२२च्या मार्चमध्ये परतला आणि सलग आठ दिवस प्रवचनं केली. लोक सूर्य-चंद्राची पूजा करतात म्हणून आपण ते आकाशातून खाली ओढणार आहोत का, असं त्याने विचारलं. गंमत म्हणजे चित्रं मनातून काढा, भिंतीवरून आपोआप निघतील, हा त्याचा युक्तिवाद दोन्ही बाजूंना सारखाच अडचणीचा आहे.

आणि ज्यांनी भिंती पांढऱ्या केल्या त्यांनी सौंदर्य हद्दपार केलं का? मला तसं दिसत नाही. कॅल्विन या सुधारकाच्या जिनिव्हात वाद्यं नव्हती, चार आवाजांची जुळणीही नव्हती, पण दीडशेच्या दीडशे स्तोत्रं छंदात बांधून, चाली लावून, १५६२ साली पुरी केली गेली आणि सगळी मंडळी एका आवाजात ती गायची. सौंदर्य डोळ्यातून कानात गेलं, एवढंच. त्याच्याही चारशे वर्षं आधी क्लेअरवो मठाचा प्रमुख बर्नार्ड याने मठांमधल्या नक्षीकामावर आगपाखड केली, की माणसं ग्रंथ वाचायचे सोडून दगडावरचे चित्रविचित्र प्राणी बघत दिवस घालवतील. त्याच्या पंथाने मग उघड्या दगडाची, नक्षी नसलेली, फक्त प्रमाणावर आणि उजेडावर उभी असलेली मठमंदिरं बांधली. आज लोक ती बघायला लांबून जातात. कशासाठी, तर त्यांच्या सौंदर्यासाठी. म्हणून सांगतो, तुमची ती पांढरी भिंतही कोणीतरी कधीतरी निवडलेली आहे. तीही कलाच आहे. ओलीचा डाग सोडून.

आता गरिबांचा मुद्दा. या मुद्द्यापुढे मी सगळ्यात जास्त वाकतो आणि सगळ्यात जास्त सावधही होतो. बेथानीत त्या स्त्रीने जटामांसीच्या महागड्या तेलाची कुपी फोडून प्रभूच्या मस्तकावर ओतली तेव्हा हाच प्रश्न विचारला गेला : हे तीनशे दिनारांना विकून गरिबांना का दिलं नाही? दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, तेव्हा साधारण वर्षाची कमाई एका घटकेत ओतली गेली. योहान सांगतो, विचारणारा प्रभूला पुढे धरून देणारा यहूदा होता आणि त्याला गरिबांची पर्वा नव्हती. पण तुमच्या त्या बाईंना यहूदा ठरवायची घाई करू नका, मार्काच्या शुभवर्तमानात हीच कुरकुर बसलेल्यांपैकी कित्येकांनी केलीय. प्रभूने उत्तर देताना तिच्या कृतीला जो शब्द वापरलाय तो मूळ ग्रीकमध्ये 'कालोन' आहे. चांगलं आणि सुंदर, दोन्ही अर्थ त्या एका शब्दात राहतात. आपल्याकडे 'साजरं' किंवा 'देखणं' म्हटलं की चांगुलपणा निसटतो, 'सत्कृत्य' म्हटलं की देखणेपण.

'गरीब नेहमी तुमच्याजवळ आहेत' हे वाक्य पुष्कळदा हात झटकायला वापरलं जातं. ते बायबलातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायातून आलंय, आणि तिथे त्याच्या पुढचा भाग आहे : म्हणून आपला हात सैल सोड. जॉन क्रिसोस्टम या धर्मोपदेशकाने चौथ्या शतकात हे फार कडक शब्दांत सांगितलं. प्रभूच्या देहाला मान द्यायचाय ना, मग इथे मंदिरात त्याला रेशीम नेसवून बाहेर थंडीत उघडा सोडू नकोस. मेज सोन्याच्या प्याल्यांनी भरलंय आणि तोच उपाशी मरतोय, याचा काय उपयोग? पण त्याचं वाक्य तिथे संपत नाही. आधी त्या भुकेल्याला जेवू घाल, मग त्याचं मेजही सजव, असं तो म्हणतो. 'आधी' आणि 'मग'. 'ऐवजी' नाही.

तेव्हा व्यवहाराचं बोलू. आजींनी रक्कम 'शोभेसाठी' ठेवलीय. ती दुसरीकडे वळवायचा अधिकार पंचांना बहुधा नाही, आणि असला तरी मेलेल्या माणसाचा शब्द वाकवून केलेला दानधर्म मला रुचत नाही. त्या बाईंकडे मात्र तुम्ही स्वतः जा आणि म्हणा, तुमचं म्हणणं पटलं, या भिंतीवर जेवढं खर्च होईल तेवढंच आपण मंडळीतून वेगळं जमवू या आणि ते कुठे द्यायचं ते तुम्ही ठरवा. त्या जर खरंच गरिबांसाठी बोलल्या असतील तर उद्यापासून वही घेऊन फिरतील. नसतील तर विषय तिथेच थंडावेल. दोन्ही प्रकारे तुमचं काम होईल.

एक गोष्ट आणखी, आणि ही थोडी रागाने लिहितोय. गरिबाला भाकरीच लागते, सौंदर्य लागत नाही, हे नेहमी पोटभर जेवलेला माणूस ठरवतो. ज्याच्या घरात एक धड खिडकी नाही त्याला तिकीट न काढता, चपला बघून कोणी हटकल्याशिवाय, तासभर एखाद्या सुंदर जागी बसायला मिळावं अशा जागा जगात किती आहेत? सिरियात दुरा-युरोपोस इथे तिसऱ्या शतकातलं एक घर सापडलं. साधं राहतं घर, त्यातल्या खोल्या उपासनेसाठी बदलून घेतलेल्या. विश्वासणाऱ्यांना अजून राजमान्यता नव्हती, मोठी इमारत नव्हती. तरी बाप्तिस्म्याच्या खोलीत त्यांनी भिंतींवर मेंढपाळ काढला, विहिरीवरची शोमरोनी स्त्री काढली, खाट उचलून चालणारा पक्षघाती काढला. हात फार सराईत नाही. पण पाण्यात उतरणाऱ्या माणसाला ते दिसावं असं कोणाला तरी वाटलं होतं.

काय काढावं हे मी सांगणं म्हणजे अगाऊपणा, मला सरळ रेघ मारता येत नाही. काय काढू नये ते मात्र सांगतो. छान-छान काढू नका. गुलाबी ढग, केस विंचरून बसलेला ख्रिस्त, नुकतीच धुतल्यासारखी मेंढरं. (मेजावरची धूळ बसलेली प्लास्टिकची फुलं तुमच्याकडेही असतील तर भिंतीला हात लावायच्या आधी ती काढा. खोटं फूल मूर्तीपेक्षा वाईट, मूर्तीला निदान कोणीतरी मनापासून घडवलेलं असतं.) त्या भिंतीकडे तोंड करून माणसं लग्नं लावणार आहेत आणि त्याच भिंतीकडे तोंड करून शवपेटीशेजारी बसणार आहेत. दोन्ही दिवशी तिने खोटं बोलता कामा नये. 'त्याला रूप नव्हतं, शोभा नव्हती' असं यशया संदेष्ट्याने ज्याच्याविषयी लिहिलं त्याच्या उपासनेत शोभेचा अर्थ जगातल्यासारखा राहत नाही.

ग्रूनेवाल्ड या जर्मन चित्रकाराचं काम तुम्ही छापील रूपात तरी पाहिलं असेल. १५१२ ते १५१६च्या सुमारास इझेनहाइमच्या मठासाठी त्याने वेदीचे चित्रफलक रंगवले. मठाचे साधू रोग्यांची सेवा करायचे. राय नावाच्या धान्यावरच्या बुरशीमुळे एक भयंकर आजार व्हायचा, अंगाची आग व्हायची, हातपाय सडून कापावे लागायचे. ते रोगी ज्या क्रूसाकडे बघत त्यावरचा ख्रिस्त हिरवट पडलेला, अंगभर जखमा, बोटं वेदनेने ताठ झालेली. देखणं म्हणावं असं त्यात काही नाही, आणि तरी ते चित्र सुंदर आहे यावर कोणाचं दुमत नाही. सणाच्या दिवशी हेच फलक उघडले की आत उजेडात न्हालेलं पुनरुत्थान दिसायचं. पण रोजचा सोबती बाहेरचा, त्यांच्यासारखाच सडलेला. त्या चित्राने जागा मोकळी ठेवली होती, आणि तिथे रोग्याला बसता येत होतं.

आता गायनमंडळ. तुमची शंका सोळाशे वर्षं जुनी आहे. प्राचीन चर्चचा थोर विचारवंत ऑगस्टीन मिलानमध्ये स्तोत्रं ऐकून रडला होता, आणि पुढे आत्मकथनात तो कबूल करतो, की गाण्याच्या आशयापेक्षा गाणंच मला जास्त हलवतं तेव्हा मी पाप करतो, तेव्हा न ऐकलेलंच बरं. पण लगेच त्याला ते रडणं आठवतं, आणि गाणं राहू द्यावं इकडे तो झुकतो. ठाम निकाल तो देत नाही. एवढ्या मोठ्या माणसाने तो दिला नाही याचा मला फार दिलासा आहे.

मीही बरीच वर्षं खालच्या पट्टीत गायचो. प्रार्थना चालू असताना माझ्या डोक्यात पुढच्या गाण्याच्या मात्रा चालायच्या, आणि शेवटच्या 'आमेन'नंतर मी समोरच्या बाकांवरचे चेहरे वाचायचो, कोणाला किती आवडलं ते. त्याचं मला बरेच दिवस फार वाईट वाटायचं. नंतर लक्षात आलं की ते वाईट वाटणं हाही माझ्याकडेच बघण्याचा प्रकार आहे. 'मी आता प्रार्थना करतोय का' असं तपासायला गेलं की प्रार्थना थांबते, जसं 'मला झोप लागली का' असं बघायला गेलं की जाग येते. तेव्हा अंगावर काटा आला तर येऊ द्या. त्याचा पंचनामा करू नका.

बाख या जर्मन संगीतकाराने आपल्या बायबलच्या समासात, २ इतिहास पाचच्या तेराव्या वचनाजवळ, अशा अर्थाचं लिहून ठेवलंय की भक्तीच्या संगीतात देव आपल्या कृपेसह नेहमी हजर असतो. ते वचन काढून वाचा. मंदिराचं समर्पण चाललंय, गाणारे आणि कर्णे वाजवणारे एकसुरात आले, आणि मंदिर मेघाने असं भरलं की याजकांना सेवेला उभं राहता येईना. म्हणजे गाणं इतकं जमलं की कार्यक्रमच बंद पडला. पुढचा नंबर कोणाचा हे कोणी विचारलं नाही.

यातून दोन बारीकशा गोष्टी सुचवतो, तालमीला सांगून बघा. नवं गीत चालीवर घेण्याआधी सगळ्यांनी मिळून एकदा नुसते शब्द मोठ्याने वाचायचे. अर्थ लागत नसेल तर तिथेच थांबून विचारायचं. आणि उपासनेत गाणं संपल्यावर लगेच सूचना वाचू नका, टाळ्या तर नकोतच. पाळकसाहेबांना सांगून वीस-तीस सेकंद शांतता मागून घ्या. सुरुवातीला लोक चुळबुळतील, कोणी खोकेल. महिन्याभराने सवय होईल. करूबांच्या मधली जागा गाण्यात कुठे असते, तर ती तिथे.

आणि काका. त्यांच्या घरी जा, वही-पेन्सिल घेऊन. त्यांना पटवायला जाऊ नका, विचारायला जा : तुम्ही डोळे मिटून प्रार्थना करता तेव्हा त्या भिंतीवर काहीच नसण्याचा तुम्हाला काय उपयोग होतो? माझा अंदाज आहे की ते बोलतील, आणि तुम्हाला चित्रासाठी जे हवंय ते त्यातच सापडेल. पौल रोमकरांस लिहितो की अन्नावरून भावाला ठेच लागू देऊ नये. रंगावरूनही नको. मी तुमच्या जागी असतो तर भिंतीचा मधला भाग मोकळाच ठेवला असता, अगदी पांढरा, आणि जे काय करायचं ते दोन्ही कडांना, मधल्या जागेकडे रोख असलेलं. पण हे माझं झालं. तुमचा हात काय म्हणतो ते तुम्ही बघा. कच्चा आराखडा पूर्ण मापाच्या कागदावर काढून उपवासकाळाचे चाळीस दिवस तिथे लावून ठेवा आणि मागच्या बाकावर बसून बघा. चाळीस दिवसांनी कागद काढल्यावर ज्याची आठवण येईल तेवढं भिंतीवर जाऊ द्या.

देवाला सौंदर्य लागतं का? नाही लागत. आमोस संदेष्ट्याच्या तोंडून त्याने साफ सांगितलंय, न्याय नसेल तर तुमच्या गाण्यांचा गोंगाट माझ्यापुढून दूर करा. पण शलमोनाच्या मंदिरापुढे पितळेचे दोन खांब होते, अठरा हात उंच, म्हणजे सुमारे आठ मीटर. त्यांच्यावर कळस, आणि एकेका कळसाभोवती दोनशे डाळिंबं. खालून कोणाला ती मोजता आली असतील? एकशे नव्व्याण्णव केली असती तरी चाललं असतं. ते खांब घडवणाऱ्या सोरच्या हिरामाने दोनशे केली. आपल्यालाच लागतं का, या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर हो असं आहे, आणि त्यात लपवण्यासारखं मला काही दिसत नाही. बेथानीच्या त्या स्त्रीलाही ते तेल ओतायची गरज होतीच.

तो कोपऱ्यातला ओलीचा डाग तेवढा आधी बघून घ्या. छतातून झिरपतंय की भिंतीतूनच येतंय हे जाणत्या गवंड्याला दाखवा, एक पावसाळा जाऊ द्या, मग रंग उघडा. आजींच्या पैशातला पहिला खर्च तोच होऊ द्या, पंचांपैकी त्याला कोणीच हरकत घेणार नाही.